मुंबईच्या थेट दक्षिणेला : दिएगो गार्सियाची माणसे

शाळेच्या भूगोलाच्या कपाटात पृथ्वीगोल असेल तर तो टेबलावर काढून ठेवावा. मुंबईवर बोट टेकवावे आणि ते सरळ दक्षिणेकडे सरकवत न्यावे. कोकण, गोवा, केरळ हे सारे पूर्वेला राहते. बोट आधी लक्षद्वीपच्या ठिपक्यांजवळून जाते, मग मालदीवच्या लांबलचक माळेवर येते. विषुववृत्त ओलांडल्यावर सुमारे पाचशे किलोमीटर नुसता समुद्र लागतो. त्यानंतर ५ ते ७ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान आणखी काही ठिपके दिसतात. पृथ्वीगोल लहान असेल तर ते दिसणारही नाहीत. हा चागोस द्वीपसमूह होय. त्याच्या दक्षिण टोकाला, मुंबईपासून सुमारे २,९०० किलोमीटरवर, जवळजवळ मुंबईच्याच रेखावृत्तावर दिएगो गार्सिया हे बेट आहे.

वर्तमानपत्रांतून हे नाव अमेरिकेचा लष्करी तळ म्हणून आपल्या कानावर आलेले असते. पण भूगोलाच्या दृष्टीने ते एक कंकणद्वीप आहे. इंग्रजीत ज्याला अॅटॉल म्हणतात तेच हे. हातातल्या कंकणासारखे जमिनीचे अरुंद कडे आणि त्याच्या आत शांत, उथळ पाणी, म्हणजे खारकच्छ. कंकणद्वीपाचा पाठ शिकवताना मुले एक प्रश्न हमखास विचारतात : चहूकडे खारे पाणी, मध्येही खारे पाणी, डोंगर नाही, नदी नाही, मग तिथली माणसे पितात काय? हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. एखाद्या बेटावर कोण राहू शकतो, कोणाला राहू द्यायचे आणि कोणाला 'इथले' म्हणायचे, या वादाची सुरुवात पुष्कळदा याच प्रश्नापासून होते. दिएगो गार्सियाच्या बाबतीत तसेच झाले.

सह्याद्रीचे दूरचे नातलग

आधी बेट कसे झाले ते पाहू, कारण त्यात महाराष्ट्राचा संबंध येतो. एक उदबत्ती पेटवून स्थिर धरावी आणि तिच्यावरून एक जाड कागद हळूहळू एका दिशेने सरकवावा. कागदावर करपट डागांची एक ओळ उमटेल. (हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा, मुलांच्या हाती देऊ नये.) पृथ्वीच्या प्रावरणातही अशा काही जागा आहेत, जिथून अतितप्त द्रव्य दीर्घकाळ वर येत राहते. त्यांना तप्तबिंदू म्हणतात. भारताला वाहून नेणारे भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना अशाच एका तप्तबिंदूवरून गेले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्याच्यावर दख्खन होते. तेव्हा लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांचेच आपले सह्याद्रीचे कडे झाले. भूपट्ट सरकत राहिले आणि डागांची ओळ लांबत गेली. १९८७ मध्ये सागरतळ वेधनाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने या ओळीवर ठिकठिकाणी छिद्रे पाडली, तेव्हा गाळाखालून बेसॉल्ट खडकच वर आला. मालदीवजवळच्या खडकाचे वय सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे भरले, तर चागोसजवळच्याचे सुमारे ४ कोटी ९० लाख. मॉरिशस त्याहून पुष्कळ तरुण, आणि रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी तर आजही जागा आहे. रायगड किल्ल्याचा काळा पत्थर आणि चागोसच्या पायाचा पत्थर एकाच भट्टीतून निघालेले आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

पण दिएगो गार्सियावर उभ्या असलेल्या माणसाला काळा दगड कुठेच दिसत नाही. पायाखाली असते ती पांढरी प्रवाळी वाळू आणि खडे. ज्वालामुखी थंड झाल्यावर हळूहळू खचत गेला. त्याच्या काठाने वाढणाऱ्या प्रवाळांना मात्र सूर्यप्रकाश हवा असतो. म्हणून बेट जसजसे खाली जाते तसतसे प्रवाळ वर वर बांधकाम करत राहतात. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळांचे कडे तेवढे उरते. हा विचार चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवाळभित्तींवरील ग्रंथात मांडला. डार्विन स्वतः चागोसला कधीच गेला नाही. त्याने या भागासाठी आधार घेतला तो कॅप्टन मोर्सबी याच्या सागरी पाहणीचा. मोर्सबी ईस्ट इंडिया कंपनीच्या 'इंडियन नेव्ही'त होता आणि या आरमाराचे मुख्य ठाणे मुंबईत होते. ग्रेट चागोस बँक नावाचा साडेबारा हजार चौरस किलोमीटरांचा, बहुतांशी पाण्याखाली असलेला प्रचंड प्रवाळी कट्टा म्हणजे बुडालेले कंकणद्वीप असावे, हे डार्विनने मोर्सबीच्या खोलीमापनावरूनच ओळखले.

डार्विनच्या चित्रात पुढे एक भर पडली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी ही कंकणे समुद्रातून वर आलेल्या चुनखडीच्या उंच टेकाडांसारखी दिसत असतील. पावसाच्या पाण्याने त्यांचा मधला भाग विरघळून खोलगट झाला. हिमयुग सरल्यावर समुद्र पुन्हा चढला, प्रवाळ पुन्हा वाढले आणि लाटांनी फोडून आणलेल्या तुकड्यांचे बांध काठावर साचले. थोडक्यात, पाया कोट्यवधी वर्षांचा असला तरी माणूस ज्यावर झोपडी बांधतो ती वाळू काही हजार वर्षांचीच आहे. तिची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या उंचीएवढी.

वाळूखालचे भिंग

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. दिएगो गार्सियावर वर्षाला सुमारे २,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हे काही फार नाही. पण कोकणात पाऊस चार महिन्यांत ओतून मोकळा होतो; तिथे तो कमीअधिक प्रमाणात वर्षभर येत राहतो. वाळू इतकी सच्छिद्र असते की पाणी वाहून ओढा होतच नाही. ते पडल्या जागी जिरते. खाली समुद्राचे पाणी असतेच, कारण सच्छिद्र खडकातून समुद्र बेटाच्या पोटात शिरलेला असतो. या खाऱ्या पाण्यावर मुरलेले गोडे पाणी तरंगते.

हे तरंगणे वर्गात सहज दाखवता येते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवले की समुद्रासारखे पाणी तयार होते. ते काचेच्या भांड्यात घ्यावे आणि शाईने रंगवलेले साधे पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी सावकाश त्यावर सोडावे. रंगीत थर वरच राहतो. दोन्हींच्या घनतेत फरक केवळ अडीच टक्क्यांचा आहे : गोड्या पाण्याची १.०००, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. म्हणजेच खाऱ्या पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंच स्तंभाला तोलून धरायला गोड्या पाण्याचा ४१ सेंटिमीटर स्तंभ लागतो. एकेचाळीसातला एक भाग वर आणि चाळीस भाग खाली. बेटाच्या मध्यावर भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर तिच्याखाली २० मीटर खोलपर्यंत गोडे पाणी असायला हवे. काठाकडे हा थर पातळ होत जातो. म्हणून त्याचा छेद काढला तर तो बहिर्गोल भिंगासारखा दिसतो आणि त्याला गोड्या पाण्याचे भिंग असेच म्हणतात. गायबेन या डच अभियंत्याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस आणि हर्त्सबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये हा नियम स्वतंत्रपणे सांगितला. त्या दोघांसमोर होता तो उत्तर समुद्राचा थंड किनारा, प्रवाळबेटे नव्हेत.

प्रत्यक्षात भिंग हिशेबापेक्षा बारीकच भरते. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गोडे-खारे घुसळत असते. शिवाय दहा-वीस मीटर खाली हिमयुगापूर्वीची जुनी चुनखडी लागते. ती भेगा-भगदाडांनी इतकी पोखरलेली असते की गोडे पाणी तिथे टिकतच नाही. जमिनीची पट्टी अरुंद असेल तर भिंग बनतच नाही, मुरलेले पाणी दोन्ही बाजूंनी समुद्रात निघून जाते. दिएगो गार्सियाचे कडे सुमारे ६० किलोमीटर लांब आहे, पण जमीन मात्र जेमतेम ३० चौरस किलोमीटर. काही ठिकाणी तर एका काठावरून दगड मारला तर दुसऱ्या काठाला पडावा! वस्ती झाली ती जिथे पट्टी रुंद आहे तिथे.

चाळीसाचा हा नियम उलटाही चालतो, आणि तो जास्त महत्त्वाचा. उपसा करून भूजलाची पातळी दहा सेंटिमीटर खाली नेली की भिंगाचा तळ कालांतराने चार मीटर वर येतो. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांना हे नवीन नाही. एप्रिल-मे महिन्यांत पंप जास्त चालले की समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होतात. अशा वेळी आपल्याकडे कोणीतरी विहीर आणखी खोल करण्याचा सल्ला देतो. कंकणद्वीपावर तो सल्ला घातक ठरतो. तिथली विहीर उथळच हवी. पाणी खरवडून घ्यायचे, उपसून नव्हे. दुधावरची साय काढताना जसा हात चालवतो, तसा.

एक तोंडी हिशेबही करून पाहावा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर २,६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे वर्षाला २६० कोटी लिटर पाणी. त्यातले एक तृतीयांश मुरते असे धरले तर रोजचे सुमारे २४ लाख लिटर होतात. आकडा ऐकून वाटेल की एखादे गाव आरामात जगेल. अडचण पावसाची नसते, साठवणीची असते. सच्छिद्र वाळूच्या पट्टीत पाणी किती दिवस अडून राहील, यावर सारे अवलंबून.

मुंबईहून गेलेली वसाहत

आता इतिहास. पोर्तुगीज खलाशांनी सोळाव्या शतकात ही बेटे नकाशांवर आणली. त्यांच्याही आधी मालदीवच्या लोकांना ती ठाऊक होती. वाट चुकून तिकडे अडकलेल्या कोळ्यांच्या आठवणी त्यांच्या तोंडी परंपरेत आहेत. पण कायम वस्तीची जुनी खूण चागोसवर सापडलेली नाही. मालदीव दोन हजार वर्षांपासून वसलेले आहेत. प्रशांत महासागरातील किरिबाती, तुवालू येथील लोक तर वाळूत भिंगापर्यंत खड्डे खणून त्यांत अळूच्या कुळातील कंद लावत आले. चागोसवर मात्र असे काही घडले नाही. १५५५ मध्ये 'कॉन्सैसाव' हे पोर्तुगीज जहाज पेरोस बान्योसच्या प्रवाळभित्तीवर आपटून फुटले. वाचलेल्यांपैकी काही जण होडीने कोचीनपर्यंत पोहोचले.

येथे वसाहत करण्याचा एक प्रयत्न चक्क मुंबईहून झाला. १७८६ च्या मार्च महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने दिएगो गार्सियाकडे एक मोहीम पाठवली. हिंदुस्थानात येणाऱ्या जहाजांना वाटेत ताजे अन्नपाणी मिळावे, हा हेतू. मोहिमेबरोबर आर्चिबाल्ड ब्लेअर हा आरमारी अधिकारी होता; त्याने बेटाची व खारकच्छाची पाहणी करून नकाशा केला. पुढे अंदमानची पाहणीही त्यानेच केली आणि पोर्ट ब्लेअर हे नाव त्याच्यावरून पडले. पण बेटावर आलेल्या जहाजांना पुरवण्याएवढे अन्न तिथे पिकण्यासारखे नव्हते; उलट वसाहतीलाच बाहेरून शिधा पाठवावा लागला असता. त्यात बेटावर आपला हक्क आहे म्हणून फ्रेंचांनी हरकत घेतली. त्याच वर्षी मुंबईकरांनी तिथला गाशा गुंडाळला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'अॅटलस' नावाचे जहाज नकाशातील चुकीमुळे याच बेटावर फुटले. त्यावर जेम्स हॉर्सबर्ग नावाचा एक तरुण अधिकारी होता. चुकीच्या नकाशाची किंमत त्याने डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर त्याने हिंदी महासागराच्या अचूक नकाशांना आयुष्य वाहून घेतले आणि शेवटी तो ईस्ट इंडिया कंपनीचा सागरी नकाशाकार झाला. प्रवाळभित्ती अशीही शिकवते!

तेलाची बेटे

मुंबई सरकारला जे जमले नाही ते फ्रेंचांनी केले, पण ते कशाच्या बळावर केले हे नीट पाहिले पाहिजे. १७८३ च्या सुमारास मॉरिशसमधील पिएर ल नॉर्मां या मळेवाल्याने दिएगो गार्सियावर २२ गुलाम आणले. मूळचे ते मोझांबिक आणि मादागास्कर या भागांतले. नारळ तिथे आधीच होता. नारळ समुद्रातून तरंगत येतो, क्षार सोसतो आणि पांढऱ्या चुनखडी वाळूतही वाढतो. माणसांना फक्त तो गोळा करायचा होता. 'फक्त' म्हणणे सोपे आहे. पुढे ठरलेला नेम असा की, एका पुरुषाने दिवसाला पाचशेच्या आसपास नारळ सोलायचे. जमिनीत रोवलेल्या टोकदार पहारीवर नारळ सोलताना ज्यांनी कोकणात पाहिले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. बायका नारळ फोडून खोबरे काढत. ते वाळवून गाढवांनी ओढायच्या घाण्यात तेल काढले जाई आणि त्या तेलावर मॉरिशसचे दिवे जळत. म्हणून या बेटांना 'तेलाची बेटे' असे नावच पडले.

महारोग्यांनाही मॉरिशसहून इथे पाठवत असत. कासवाचे मांस खाल्ल्याने महारोग बरा होतो असा तेव्हाचा समज होता. १८१४ च्या करारान्वये मॉरिशस आणि त्याच्या अखत्यारीतील ही बेटे ब्रिटिशांकडे गेली. १८२६ च्या सुमारास बेटांवर सुमारे साडेचारशे माणसे होती आणि त्यांतली बहुतेक गुलाम. १८३५ मध्ये मॉरिशसच्या वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर 'उमेदवारी'च्या नावाखाली तीच वेठ आणखी चार वर्षे चालू राहिली. पुढच्या काळात हिंदुस्थानातूनही मजूर आले. आफ्रिका, मादागास्कर आणि हिंदुस्थान येथून आलेल्यांचे वंशज एकमेकांत मिसळले, त्यांची एक क्रिओल बोली तयार झाली आणि मॉरिशसचे लोक त्यांना 'इलुआ', म्हणजे बेटकरी, म्हणू लागले.

पाण्याची सोय उथळ विहिरींतून आणि छपरांवरून टाक्यांत उतरवलेल्या पावसाच्या पाण्यातून होत असे. तांदूळ मात्र जहाजाने यायचा, आणि कंपनी तो मजुरीचा भाग म्हणून शिधा म्हणून द्यायची. समुद्रात मासे मुबलक होते. दारात कोंबड्या, डुकरे आणि थोडी भाजी. सकाळचा नेम पुरा झाला की उरलेला दिवस आपला. व्यवस्थापकाची सत्ता कडक होती, दुकान कंपनीचे होते, वेतन नाममात्र होते. मळ्याचे ते जीवन गोडगुलाबी रंगवण्यात अर्थ नाही. पण झोपडी एका पिढीकडून दुसरीकडे जात होती, चर्च होते, स्मशान होते. एखादी जागा आपली होते ती अशानेच.

जग किती दूर होते याचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १८८२ ते १८८८ या काळात ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या आगबोटींसाठी येथे कोळशाचे ठाणे होते. ते बंद पडल्यावर जहाजांची ये-जा पुन्हा मंदावली. २२ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौका 'एम्डेन'ने मद्रासवर तोफा डागल्या, हे इतिहासाच्या शिक्षकांना आठवत असेल. तीच एम्डेन ९ ऑक्टोबरला दिएगो गार्सियाच्या खारकच्छात शिरली. महायुद्ध सुरू होऊन दोन महिने उलटले होते, पण बेटावर ती बातमी पोहोचलीच नव्हती. बेटकऱ्यांनी शत्रूच्या खलाशांचे आनंदाने स्वागत केले, फळे व मासे दिले. जर्मनांनीही युद्धाची वार्ता काढली नाही. व्यवस्थापकाची बिघडलेली मोटरबोट तेवढी दुरुस्त करून दिली आणि ते निघून गेले.

मळ्यांनी बेटांचे रूपही पालटले. मूळचे रुंद पानांचे जंगल तोडून नारळ लावले गेले आणि जहाजांबरोबर उंदीर उतरले. उंदरांनी पक्ष्यांची अंडी-पिल्ले फस्त केली. याचा परिणाम कुठवर जातो हे २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चागोसच्या अभ्यासात दिसले. जिथे उंदीर कधीच पोहोचले नाहीत त्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट होती, आणि त्यांच्या विष्ठेतून जमिनीत पडणारा नायट्रोजन २५१ पट. हा नायट्रोजन पावसाबरोबर समुद्रात उतरतो. त्या बेटांलगतच्या प्रवाळभित्तीवर माशांचे एकूण वजन निम्म्याने जास्त भरले. उंदराने झाडावरचे अंडे खाल्ले तर पाण्यातला मासा बारीक होतो. अन्नसाखळीच्या पाठासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

कागदावरचे निर्जन बेट

१९६० च्या दशकात पहिल्या २२ जणांच्या आगमनाला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली होती. आजा-पणजा बेटावरच जन्मलेली घरे होती. तेव्हा शीतयुद्ध जोरात होते आणि हिंदी महासागरात अमेरिकेला तळ हवा होता. दिएगो गार्सियाचे खारकच्छ सुमारे २१ किलोमीटर लांब, चहूबाजूंनी सुरक्षित आणि मोठ्या जहाजांना पुरेसे. मॉरिशस स्वतंत्र होण्याआधीच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने चागोस त्याच्यापासून तोडून वेगळा प्रदेश बनवला आणि मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. ३० डिसेंबर १९६६ रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्यात करार झाला. १९६७ मध्ये मळे ब्रिटिश सरकारने विकत घेतले.

अडचण एकच होती. वसाहतीत मूळ रहिवासी असले तर त्यांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाला जाब द्यावा लागला असता. तेव्हा कागदावर असे ठरवण्यात आले की, येथे कायम रहिवासी नाहीतच. आहेत ते तात्पुरते कंत्राटी मजूर. मॉरिशसमधील मराठी भाषक समाजाचे पूर्वजही एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणूनच मुंबई बंदरातून गेले होते. त्यांच्या पणतवंडांना कोणी कंत्राटी मजूर म्हणाले तर आपल्याला कसे वाटेल? आमच्या मते चागोसच्या प्रकरणातली मुख्य लबाडी ती हीच : बेटाच्या दुर्गमतेची भौगोलिक वस्तुस्थिती घेऊन तिच्यातून माणसांचे नसणे सिद्ध करणे.

१९६८ पासून औषधोपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचे जहाज नाकारले जाऊ लागले. पुढे चागोसवासीयांच्या न्यायालयीन लढ्याचे नेतृत्व करणारे ऑलिव्हिए बांकूल्ट तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांचे कुटुंब जखमी मुलीला उपचारासाठी घेऊन गेले आणि तिकडेच अडकले. बेटांवर येणारा शिधा आणि औषधे कमी करण्यात आली. १९७१ मध्ये तळाचे बांधकाम सुरू झाले आणि परवान्याशिवाय बेटांवर राहण्यास बंदी घालणारा हुकूम निघाला. बेटावरची शेकडो पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या पडवीत कोंडून धुराने मारण्यात आली. ऑक्टोबर १९७१ पर्यंत दिएगो गार्सिया रिकामे झाले. तिथून काही जणांना पेरोस बान्योस आणि सालोमों या शेजारच्या कंकणांवर नेले. मग १९७२ आणि १९७३ मध्ये तीही रिकामी केली. सर्व मिळून दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्समध्ये उतरवली गेली. नारळ सोलण्याच्या कसबाला पोर्ट लुईच्या गल्ल्यांत काय भाव मिळणार?

पुढचा इतिहास न्यायालयांचा आहे आणि तो थोडक्यातच सांगतो. २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने १९७१ चा हुकूम बेकायदा ठरवला. २००४ मध्ये सरकारने राणीच्या विशेषाधिकाराने बंदी पुन्हा आणली, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती ३ विरुद्ध २ मतांनी उचलून धरली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस मॉरिशसपासून तोडणे कायदेशीर नव्हते, असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी एका करारावर सह्या केल्या. बेटांवरचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, असे त्याचे स्वरूप.

या साऱ्या वादात पाण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. बेटे सखल आहेत, भूजल नाजूक आहे, समुद्रपातळी वाढते आहे, तेव्हा तिथे माणसांनी राहणे व्यवहार्य नाही, असे सांगितले जाते. यातले प्रत्येक विधान सुटे सुटे घेतले तर शास्त्राला धरून आहे. समुद्र चढला आणि लाटांनी कडा खाल्ल्या तर भिंग आणखी आक्रसेल. वादळी भरतीत खारे पाणी एकदा वरून मुरले की भिंग पुन्हा गोडे व्हायला महिनोन्महिने लागतात. पण दिएगो गार्सियावर १९७१ नंतर धावपट्टी, गोदामे आणि काही हजार माणसे राहतील अशी वसाहत उभी राहिली, आणि तिची तहान भागवायला त्याच वाळूत विहिरी खणल्या गेल्या. भूजलतज्ज्ञांनी तिथल्या भिंगांची मोजणी केली आणि उपसा अनेक विहिरींत थोडा थोडा वाटला. म्हणजे तज्ज्ञ, पंप आणि पैसा असेल तर भिंग सांभाळता येते. २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीतही फेरवस्ती शक्य आहे, पण खर्चिक आहे, असे निघाले. त्यावर २०१६ मध्ये सरकारने नकार दिला.

२०२५ च्या करारात फेरवस्तीची मुभा आहे ती दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर. चागोसमधील सर्वांत मोठी आणि रुंद जमीन मात्र दिएगो गार्सियाचीच. पेरोस बान्योस आणि सालोमों या कंकणांवरची मोठ्यातली मोठी बेटे एक-सव्वा चौरस किलोमीटरची आहेत. वर केलेला तोंडी हिशेब आता या बेटांना लावून पाहावा. मुलांना एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद बेट कागदावर काढायला सांगावे, आणि दुसरे तेवढ्याच क्षेत्रफळाचे, पण चार किलोमीटर लांब व पाव किलोमीटर रुंद. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. विहिरी कोणत्या बेटावर, किती आणि काठापासून किती आत खणाव्या, हे त्यांना ठरवू द्यावे.